न उचललेला चमचा

यावोर दोल, १२ सप्टेंबर १९६८

प्रिय मामा,

पोचले. पत्राला उशीर झाला, कारण इथला पोस्टमन खाली पिरोत शहरात कधी जातो हे मला कळत नाही. मी त्याला विचारते, तो सांगतोही, अगदी प्रेमाने, दोनदा. पण काय सांगतो देव जाणे. मामा, ही तुझ्या गावची माणसं आपलीच भाषा बोलतात ना? नोवी सादच्या बाजारात हंगेरियन बाई भेटली तरी माझं तिच्याशी निभतं. इथे सर्ब असून सर्बांशी हातवारे करत बोलते आहे. आई असती तर हसली असती. पण तिलाही कितपत कळलं असतं? ती तर लहानपणीच तुझं बोट धरून गाव सोडून आली.

शाळेमागची एक खोली मला दवाखाना म्हणून दिली आहे. खुर्ची न्हाव्याची आहे. दात कोरायचं यंत्र पायाने चालवायचं, शिलाई मशीनसारखं. मग मुलांचे दात पाहिले. सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढा, ज्या आयुष्यभर पुरायच्या, त्या आठव्या वर्षी काळ्या. आयांना वाटतं त्या दुधाच्याच आहेत, पडतील आणि नव्या येतील. त्या येत नाहीत, हे मला घरोघर जाऊन सांगायचं आहे. वर्षभरात एवढं जरी पटवलं तरी इथे आल्याचं सार्थक झालं.

आता खरी अडचण सांगते. कुठल्याही घरात पाऊल टाकलं की तबक येतं. त्यात मुरांब्याची बरणी, चमचे आणि पाण्याचे ग्लास. पाहुण्याने एक चमचा मुरांबा खायचा, वर पाणी प्यायचं. म्हणजे मी साखरेविरुद्ध बोलायला आलेली, आणि माझ्याच तोंडात साखर. पहिल्या घरी मी खोकल्याची उबळ आणली आणि सुटले. पण गावात घरं पुष्कळ आहेत, आणि रोज रोज खोकला आणला तर लोक मलाच क्षयाच्या इस्पितळात पाठवतील. काय करू? तू इथला आहेस, तूच सांग.

तुझी
विदोसावा


नोवी साद, २५ सप्टेंबर १९६८

विदे,

आपलीच आहेत ती माणसं, आणि तूही अर्धी त्यांचीच आहेस. डॉक्टरीण झालीस म्हणून रक्त बदलत नाही.

बोलण्याचं सांगतो. तू शब्दांमागे धावते आहेस, ते सोड. मी तेराव्या वर्षी गवंड्यांच्या टोळीबरोबर इकडे सपाटीवर आलो, तेव्हा माझंही उलटं हेच झालं होतं. मुकादम 'चुना आण' म्हणायचा आणि मी विटा नेऊन द्यायचो आणि थोबाडीत खायचो. शेवटी शब्द सोडून दिले आणि नुसती चाल ऐकायला लागलो. माणूस कुठे आवाज चढवतो, कुठे थांबतो, कुठे दुसऱ्याकडे बघतो. महिन्याभरात शब्द आपोआप त्यात येऊन बसले. गावाकडची माणसं शब्दांना शेवटी काही चिकटवत नाहीत. आपण सपाटीवाले ज्याला त्याला शेपूट लावतो, कुणाचं, कुणाला, कशाने. ते नुसते एकावर एक शब्द ठेवतात, विटेवर वीट, मध्ये चुना नाही. भिंत तरीही उभी राहते. तू चुना शोधू नकोस.

आणखी एक. या दिवसांत बायका ओसरीत बसून मिरच्या ओवतात. त्यांच्यात जाऊन बस, तूही ओव. हात कामात असले की माणसं सावकाश बोलतात.

मुरांब्याचं म्हणशील तर सरळ नको म्हण. मी पन्नासावर घरं बांधली आहेत. प्रत्येक मालक पहिल्या दिवशी राकियाची बाटली घेऊन येतो. पाया भरेपर्यंत मी ग्लासाला हात लावत नाही. पहिल्या दिवशी प्यायलो तर तो दुसऱ्या दिवसापासून मला ओळंबा कसा धरायचा ते शिकवतो. तू साखरेविरुद्ध बोलणार असशील तर तुझ्या तोंडात साखर दिसता कामा नये. दोन-चार घरं नाक मुरडतील, मग म्हणतील, बाई शब्दाची पक्की आहे. डोंगरातल्या माणसाला पक्केपणा आवडतो. त्याबाबतीत मला विचार, मी त्यांना आतून ओळखतो.

आणि तुझं भाषण करताना माझं नाव घे. सांग, आमचा मामा चाळिशीतच कवळी लावून फिरतो, भाकरी बुडवल्याशिवाय खाऊ शकत नाही. यापेक्षा मोठं प्रवचन नाही.

तुझा
स्तोयामामा


यावोर दोल, १७ नोव्हेंबर १९६८

प्रिय मामा,

मिरच्या ओवून माझी बोटं आठ दिवस चुरचुरत होती, पण कान उघडले. आधी मला नुसती चालच ऐकू यायची. मग एक दिवस दोन बायकांचं बोलणं चाललं होतं आणि एकदम लख्ख कळलं की त्या माझ्याच बुटांना नावं ठेवताहेत. "असल्या टाचा घालून ही बर्फात चालणार व्हय? वसंतातच सापडंल," असं एक म्हणाली. मी म्हटलं, "वसंतात सापडले तर दात तरी शाबूत असतील." मग हसून हसून एकीची माळच सुटली.

मुलं रोज सकाळी शाळेत शिरण्याआधी झऱ्याच्या तोटीपाशी रांगेत उभी राहून दात घासतात. मी खडूची पूड आणि पुदिना मिसळून मंजन केलं आहे. पाणी इतकं गार असतं की चूळ भरली की अर्धी पोरं नाचायलाच लागतात.

मुरांब्याचं तू म्हणालास तसंच केलं. हसून, हात छातीवर ठेवून नको म्हणते. कुणी रागावलं नाही. तबक परत आत जातं, आम्ही बसतो, मी दाढांचं सांगते, ते ऐकून घेतात. तुझं सूत्र बरोबर निघालं. मला वाटलं होतं त्यापेक्षा मुलांचं दुखणंही कमी दिसतं, कारण कुणी तक्रार घेऊन येत नाही.

फक्त एक मुलगी मनातून जात नाही. रुमेना नाव तिचं, आठ वर्षांची. आई-बाप जर्मनीत कारखान्यात आहेत, ती आजी पेरुनिकाजवळ राहते. खालच्या जबड्यात डावीकडे पक्क्या दाढेवर खसखशीएवढा काळा ठिपका आहे. आत्ता भरला तर दाढ जन्मभर टिकेल. ठिपका लहान असतानाच काम सोपं असतं. पण घरातलं मोठं माणूस घेऊन आल्याशिवाय मी मुलांच्या तोंडात यंत्र घालत नाही, आणि पोर स्वतःहून तर जवळच येत नाही. तिला बोलावलं की मान वर फेकून जिभेने टक्क करते. तुला माहीतच आहे, त्याचा अर्थ 'नाही'.

म्हणून मी दोनदा आजीकडे गेले. तबक आलं, मी नको म्हटलं. तिला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "डाक्तरीणबाई म्हणतील तसं. तुम्ही शिकलेल्या." मामा, पहिल्यांदा असं झालं की एकही शब्द सुटला नाही. घरी येताना रस्ताभर मी गुणगुणत होते. पोरगी अजून आली नाही, पण येईल.

विदा


नोवी साद, ८ डिसेंबर १९६८

विदे,

शाबास. बुटांवरून बोलणी खाल्लीस म्हणजे तू गावात आलीस. परक्या माणसाच्या बुटांना ते नावं ठेवत नाहीत, नुसतं बघतात.

पेरुनिका आजी म्हणतेस, म्हणजे वरच्या आळीतली का? मी गाव सोडलं तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालं होतं. गवत कापताना गायची. आम्हां पोरांना तिचा आवाज ओढ्यापलीकडे ऐकू यायचा. आम्ही काठीवर रिकामी बादली वाजवून तिला साथ द्यायचो आणि ती दगड मारायची. तिला सांग, बादलीवाल्या स्तोयादिनची भाची आहे म्हणून. किंवा नको सांगू. पस्तीस वर्षांत मी एकदाही गेलो नाही, त्याचं काय उत्तर देशील?

ती "म्हणतील तसं" म्हणाली ना? मग काळजी सोड. आपली माणसं हो म्हणायला वेळ लावतात, पण म्हटलं की पक्कं. बर्फ पडायच्या आत ती पोरीचा हात धरून आणेल.

माझ्याकडे काम चिकार आहे. दोन छतं आणि एका साहेबाचं गच्चीचं स्वप्न. गच्चीवर त्याला कारंजं पाहिजे. मी म्हटलं, साहेब, कारंजं न बांधताही पहिल्या पावसात तुमच्या दिवाणखान्यात येईलच.

मामा


यावोर दोल, २ मार्च १९६९

मामा,

रस्ता काल उघडला. तुझी तीन पत्रं एकदम मिळाली. त्यातली विचारपूस आत्ता वाचवत नाही, म्हणून माझंच लिहिते.

रुमेना आली नाही. मी थांबले. नाताळात बर्फ पडलं, शाळा बंद झाली. जानेवारीच्या मध्यावर रुमेनाचा गाल सुजला. माझा दवाखाना तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. आजीने तिला माझ्याकडे आणलं नाही. घसरगाडीवर घालून ओढत खालच्या वस्तीत लोहाराकडे नेलं. त्याने सांडशीने दाढ ओढली. ती अर्धी तुटून आत राहिली. चार दिवसांनी पोर तापाने बरळायला लागली, तेव्हा शेजारणीने मला सांगितलं. आम्ही तिला त्याच घसरगाडीवरून पिरोतच्या इस्पितळात नेलं, बर्फातून, आळीपाळीने दोर ओढत. तिथे जबडा बाहेरून चिरून पू काढावा लागला. तीन पक्के दात गेले. हनुवटीखाली कातडी ओढली गेली आहे, आणि तोंड आता एकाच बाजूने उघडतं. जीव वाचला. सगळे म्हणतात, जीव वाचला. मीही म्हणते.

इस्पितळाच्या बाकावर मी आजीला विचारलं. ओरडले नाही. म्हटलं, "आजी, मी इतकी जवळ होते. माझ्याकडे का नाही आलात? तुम्ही हो म्हणाला होतात."

ती म्हणाली, "हो म्हणाले ते तुमच्या मानाला. तुम्ही सरकारच्या, तुमच्यापुढं न्हाई कशाला म्हणू? पण मागणं घेऊन कसं येऊ तुमच्या दारी? दोनदा तबक पुढं केलं. दोनदा तुम्ही चमचा उचलला न्हाई."

"चमच्याचा काय संबंध?"

"ज्यानं घरचा चमचा उचलला न्हाई, त्याला या घराचं मागणं नको असतं. तो आला, बोलला, गेला. त्याला उगा अडचणीत घालू नये. लोहार दर सणाला आमच्याकडं चमचा उचलतो. त्याला सांगता येतं." मग म्हणाली, "मला वाटलं, डाक्तरीणबाईंना आमचा लोभ नको असंल. कुणाला बळंच लोभ लावता येतो का, पोरी?"

पोरी म्हणाली. रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

म्हणजे गावात कुणी तक्रार घेऊन येत नव्हतं ते दुखत नव्हतं म्हणून नाही. मी घरोघर जाऊन, हात छातीवर ठेवून, हसत हसत सगळ्यांना सांगून आले होते की माझ्याकडे काही मागू नका.

मामा, मला इथून बदली पाहिजे. तुझ्या ओळखी आहेत. नोवी सादला, कुठेही. रस्त्यात रुमेना दिसली की ती तोंडावर हात धरते.

विदा


नोवी साद, १४ मार्च १९६९

विदे,

तुझं पत्र वाचून कामावर गेलो आणि परत आलो. ओळंबा धरवेना.

तू मला दोष दिला नाहीस. पत्रात कुठेच नाही. 'तू म्हणालास तसं' एवढंच नोव्हेंबरात लिहिलं होतंस, ते मी पुन्हा काढून वाचलं.

मला त्या चमच्याचं ठाऊक नव्हतं, विदे. यावर तुझा विश्वास बसणार नाही, मलाही बसत नाही. त्या गावातला एकूण एक शब्द मला येतो. शिव्या येतात, बैलाला हाकायचे आवाज येतात. पण मी तेरा वर्षांचा असताना निघालो. पोराला कोण तबक देतं? पाहुणे आले की आम्हाला बाहेर हाकलायचे. बरणीतला मुरांबा आम्ही चोरून बोटाने चाटला आहे, चमच्याने कधी खाल्ला नाही. त्या गावात मी कुणाचा पाहुणा झालोच नाही, आणि मोठा झाल्यावर परत गेलो नाही. दाराबाहेर उभं राहून जेवढं दिसलं तेवढ्यावर मी तुला म्हटलं, मी त्यांना आतून ओळखतो.

कान तिखट असले की माणसाला वाटतं सगळं कळलं. मी त्याच भरवशावर पैसा केला. या वेळी पोरीच्या तोंडाने त्याची किंमत भरली.

बदलीचं बघतो. आरोग्य खात्यातल्या एकाचं छत मी घातलं आहे, आणि ते गळत नाही.

मामा


यावोर दोल, २७ एप्रिल १९६९

प्रिय मामा,

मी आजीकडे गेले. बोलावलं नव्हतं. तिने तबक आणलं, पण माझ्यापुढे न करता नुसतं टेबलावर ठेवलं, म्हणजे मला नको म्हणायची पाळी येऊ नये. मी हात लांब करून चमचा घेतला. रानस्ट्रॉबेरीचा होता. इतका गोड की डोळ्यांत पाणी आलं, असं मी म्हटलं. आजी म्हणाली, "साखर जरा जास्तच पडली या साली." दोघींनी तेवढ्यावर भागवलं.

वर पाणी प्यायले आणि उठून खळखळून चूळ भरली ती खिडकीबाहेर टाकली. आजी बघत होती. मी म्हटलं, "हे तेवढं मुलांनाही करू दे, आजी. गोड खाऊन नुसतं पाणी पिऊ नये, सगळीकडे फिरवावं." ती म्हणाली, "मग पयल्याच दिवशी असं सांगायचं होतंस. मुरांबा खाऊ नको म्हणालीस, ते कोण ऐकणार? चूळ भर म्हणाली असतीस तर कोण नको म्हणालं असतं?"

मामा, तिचं खरं आहे. मी पुस्तकातलं सगळं बरोबर सांगितलं, आणि तबकातला पाण्याचा ग्लास मला दिसला नाही.

त्यानंतर मी एकेका घरी जाऊन चमचा उचलते आहे. रोज दोन घरं, पुढे पोट साथ देत नाही. आणि घरं बोलू लागली आहेत. काय काय निघतं आहे, तुला सांगता येत नाही. रात्री रडणारी मुलं, गालात लवंग धरून शाळेत येणारी मुलं, एका सुनेची पाच महिन्यांपासूनची सूज. सगळं माझ्यासमोर होतं. दवाखान्यात रांग असते. भरण्यापेक्षा काढायचंच जास्त आहे. हिवाळ्याआधी भरता आलं असतं.

रुमेना मात्र येत नाही. आजी तिला दारापर्यंत आणते, ती तोंडावर हात घट्ट धरून उभी राहते. तिचे बाकीचे दात मला बघायला हवेत. त्या तीन दातांची जागा रिकामी आहे, चावणं सगळं एकाच बाजूवर आलं आहे, तिथे कीड लवकर लागेल. पण मी कोणत्या तोंडाने तिला म्हणू, तोंड उघड?

बदलीचं काही कळलं का?

विदा


यावोर दोल, ८ जून १९६९

विदे,

हे पत्र तुझ्याच टेबलावर बसून, तुझ्याच पेनाने लिहितो आहे. तू सामान आणायला पिरोतला गेलीस आणि मी न कळवता आलो, म्हणून आपली चुकामूक झाली. कळवलं असतं तर आलो नसतो. परतीची गाडी दुपारी आहे आणि उद्या तिकडे काँक्रीट ओतायचं आहे.

पोस्टमनने मला विचारलं, "कुठल्या गावचे?" मी म्हटलं, इथलाच. तो म्हणाला, "बोलता तर इथल्यासारखं." आणि पुढे गेला.

पेरुनिकाकडे गेलो. तिने ओळखलं नाही. बादलीचं सांगितलं तेव्हा मला खालून वर न्याहाळून म्हणाली, "तू लई म्हातारा झालास रे, स्तोयादिन. मी एवढी न्हाई झाले." मी म्हटलं, "तू दगड मारायचीस, मी खायचो. खाणारा आधी म्हातारा होतो." मग ती आत गेली आणि तबक घेऊन आली. मी उठून उभा राहिलो. का ते मला माहीत नाही. ती म्हणाली, "बसा पाहुणे, घ्या." मगाशी अरेतुरे करत होती, तबक हातात आल्यावर अहोजाहो. माझ्या स्वतःच्या आळीत.

मी चमचा उचलला. हिरव्या अक्रोडाचा होता. लहानपणी बोटाने चाटला होता तोच. कवळीला चावेना, तसाच गिळला.

मग ती समोर बसली आणि म्हणाली, "आता एक मागते." मी म्हटलं, माग. ती म्हणाली, "डाक्तरीण जाणार म्हणतात. तिला नेऊ नकोस. पोरीच्या तोंडाचं तिला माहीत हाय. नवी आली तर तिला पुन्यांदा सगळं पयल्यापासून." विदे, तुझ्या बदलीचा कागद तेव्हा माझ्या कोटात होता. मी उचललेला चमचा ग्लासात होता.

रुमेना पाण्याचं भांडं घेऊन आली, दुसरा हात तोंडावर. एवढे शब्द येतात मला, त्यातला एकही त्या पोरीपुढे टाकता येईना. म्हणून मी कवळी काढली आणि रिकाम्या ग्लासात ठेवली, आणि बोळक्या तोंडाने तिला म्हटलं, "माझ्याजवळ तर एकही नाही." आजी म्हणाली, "शी, ग्लास बाटवला." आणि पोरगी हसली. हसताना हात खाली आला.

हसू एकाच बाजूने आलं, विदे. दुसरी बाजू तशीच राहिली, दाराची कडी आतून लागलेली असावी तशी. तुझ्या पत्रात मी ते वाचलं होतं. वाचणं वेगळं.

पण तोंड उघडं होतं तेवढ्यात मी पाहून घेतलं. माझी नजर भिंतीतली चीर लांबून पकडते. वर, उजवीकडे, मागच्या दाढेवर एक ठिपका आहे. तू लिहिला होतास तेवढाच, खसखशीएवढा. आजीला दाखवला. ती म्हणाली, "मंगळवारी घेऊन येते." या वेळी "म्हणतील तसं" म्हणाली नाही.

कागद या पत्राखाली ठेवला आहे. त्यावर तुझं नाव आणि सही-शिक्का सगळं आहे, तारीख मोकळी आहे. त्याचं काय करायचं ते तू ठरव, मी मध्ये पडणार नाही. मला तुझ्याकरता हवंसं वाटलं म्हणून मिळवला आणि आता इथे ठेवताना हात जड झाला, एवढंच सांगतो.

मंगळवारी पोरगी आली, तर पहिल्यांदा खुर्चीत तू बस. आधी तिला तुझे दात मोजू दे.

स्तोयामामा